चुकलेले डाव आधी

सात वर्षं मी अमेरिकन फुटबॉल बघण्याचा पगार घेतला आणि आजही बॉल नेमका कुणाच्या हातात आहे, हे मला पटकन सांगता येत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही. बॉलकडे बघायला सगळी अमेरिका बसलेली असते. आमचं काम उरलेल्या एकवीस माणसांकडे बघायचं होतं.

हे काम मी बहरीनमध्ये बसून केलं म्हटलं की लोक आणखीच गोंधळतात. सुट्टीवर अकोल्याला गेले की माझ्या जाऊबाई शेजारणीला सांगायच्या, "आमची वैशाली तिकडं पिक्चर कापते." शेजारीण माझ्याकडे आदरानं आणि थोड्या संशयानं बघायची. मीही खुलासा करत नसे, कारण खुलासा करायला बसलं की चहा गार होतो. इथे कागदावर ती भीती नाही.

सनाबिसला मॉलच्या मागच्या रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. सहा टेबलं, बारा स्क्रीन, आणि एसी असा गार की सप्टेंबरच्या उकाड्यातही मी स्वेटर घालून बसायचे. अमेरिकेतल्या एका व्यावसायिक टीमचं काम आमच्याकडे होतं. टीमचं नाव सांगणार नाही. तसा कागद सही करून दिलाय, आणि नाव कळून तुम्हाला तरी काय मिळणार?

खेळ थोडक्यात असा. ज्यांच्याकडे बॉल, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेले तर आणखी चार प्रयत्न, नाही तर बॉल समोरच्यांना. एक प्रयत्न म्हणजे पाच-सहा सेकंदांची धुमश्चक्री. मग सगळे थांबतात, गोल करून कुजबुजतात, पुन्हा रांगेत उभे राहतात. तीन तासांच्या सामन्यात खरा खेळ एक चहा पिऊन होईल एवढाच असतो. या एकेका प्रयत्नाला आम्ही ऑफिसात डाव म्हणायचो. टीमचे कॅमेरावाले प्रत्येक डाव दोन उंच जागांवरून टिपायचे, एक बाजूनं आणि एक गोलच्या मागून, म्हणजे बावीसच्या बावीस माणसं चौकटीत येतात. टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे पळतो, आमचा पळत नसे. रविवारचा सामना संपला की फाइली यायच्या आणि सोमवारी सकाळी सहाला आम्ही बसायचो. प्रत्येक डाव वेगळा कापायचा आणि त्याला नोंदी जोडायच्या: कितवा प्रयत्न, किती यार्ड बाकी, माणसं कशी उभी होती, पळाले की फेकलं, कोण कमी पडला. अमेरिकेतले कोच ऑफिसात पोचायचे तेव्हा आमचे दुपारचे दोन वाजलेले असत. तोवर सगळं तयार पाहिजे.

मला हे शिकवलं इब्राहिमभाईंनी. दापोलीकडचे. तरुणपणी तिकडे लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे, मग इथे येऊन एका अमेरिकनाच्या हाताखाली या कामाला लागले. माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी स्क्रीनवर तीन फोल्डर दाखवले.

"बाय, हा मालकाचा, हा जनरल मॅनेजरचा, हा कोचचा. तिघं एकाच टीमचे. पण याचं त्याला दिसलं तर आपण खलास."

"एकाच टीमचे आहेत तर लपवायचं काय?"

"लग्नाच्या घरात कधी कॅमेरा घेऊन फिरली नाहीस तू," ते म्हणाले आणि चहाला गेले.

तिघांत मोठा कोण, हे मला बरेच महिने कळेना. संध्याकाळी गुदैबिया भागातल्या आमच्या घरी मी नवऱ्याला विचारलं. प्रदीप एसी टेक्निशियन, बांधकामाच्या साइटवर आयुष्य गेलेलं. तो म्हणाला, "त्यात काय समजाचं हाय? मालक म्हंजे कफील, ज्याच्या नावावर आपला व्हिसा असते तो. इंडियातून मानसं आनते तो मॅनेजर. आन् भेटले त्या मानसायकून काम करून घेते तो फोरमन, म्हंजे तुहा कोच. बिल्डिंग वाकडी झाली का मॅनेजर म्हनते फोरमनले अक्कल नाही, फोरमन म्हनते मानसंच दिले तसे. कफील दोघायचं आयकते."

"आणि मग?"

"मंग काय, फोरमन जाते."

पुढच्या सात वर्षांत मी जे काही शिकले ते या उत्तराच्या फार पुढे गेलं नाही. खेळाडू विकत घेणं, करार करणं, काढून टाकणं हे मॅनेजरचं. मिळालेल्यांतून रविवारी कुणाला उतरवायचं आणि कुठला डाव खेळायचा हे कोचचं. मालकानं या दोघांना नेमायचं, काढायचं आणि स्टेडियममधल्या काचेमागून बघायचं. पण हे झालं कागदावरचं. खरी मजा कोण काय मागतो यात होती. मी या तिघांना कधी भेटले नाही, तरी मागण्यांवरून मला त्यांचे स्वभाव ओळखू यायला लागले.

मॅनेजर नेहमी एकाच माणसाचे तुकडे मागायचा. अमुक नंबरचे सगळे डाव, एवढंच. आपल्याच माणसाचे मागितले तर समजायचं की त्याचा करार संपत आलाय. दुसऱ्या टीममधल्या त्याच जागेवरच्या माणसाचे मागितले तर आपला माणूस चालला. एकदा एका धिप्पाड पोराचे डाव कापताना मी हळहळले होते, आणि आठवड्याभरात बातमी आली की त्याला सोडला. त्याच्या आईच्या आधी ते मला बहरीनमध्ये कळलेलं होतं.

मालक क्वचित मागायचा, तेही सेक्रेटरीमार्फत. टीम त्याला वडिलांकडून मिळालेली. त्याला आमच्या नोंदी कळत नसत, म्हणून आम्ही बाण काढून द्यायचो. एका हरलेल्या सामन्यानंतर मागणी आली की चौथ्या प्रयत्नाला कोचनं माघार घेऊन बॉल लाथेनं समोरच्यांकडे धाडायचं ठरवलं त्या क्षणाचा कोचचा चेहरा पाहिजे. मी सगळं धुंडाळलं. मग इब्राहिमभाईंनी उत्तर लिहून दिलं: आपल्या कॅमेऱ्यांत कोच येत नाही, तो रेषेबाहेर उभा असतो. मालकाला याचं फार नवल वाटलं म्हणे. मलाही वाटलं, कारण दोन वर्षं बघूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आणि कोच. त्याला सगळंच हवं असायचं, पण क्रम ठरलेला. प्रत्येक मागणीच्या शेवटी एक ओळ असायची: चुकलेले डाव आधी. जिंकलेल्या सामन्यातही. मी सुरुवातीला म्हणायचे, माणूस खडूस दिसतोय. मग सोमवारी दुपारी त्याचे फोन यायला लागले. "मिस व्ही, तुम्हाला काय दिसलं?" असं विचारणारा तिघांत तो एकटाच. एकदा मी भीत भीत सांगितलं, की समोरच्यांचा डावीकडचा जाडा पळायचा डाव असला की जमिनीवर टेकलेल्या हातावर जोर देतो, तुकडा मोठा करून बघितला तर त्याची बोटं पांढरी पडलेली दिसतात. फेकायचा असला की पडत नाहीत. कोचनं तो तुकडा पुन्हा लावून बघितला. मग तो म्हणाला, "हे आमच्या एकाही माणसाला दिसलं नाही." तो सामना ते जिंकले. माझ्या मुलीनं, तन्वीनं, शाळेत सगळ्यांना सांगितलं, "माय मॉम वन अ फुटबॉल मॅच." मी तिला रागावले, पण फार नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

त्या वर्षी टीम सारखी हरत होती. सीझनचे शेवटचे चार सामने उरलेले, आणि इब्राहिमभाई मुलीच्या लग्नाला दापोलीला गेले होते. जाताना चाव्या माझ्याकडे दिल्या आणि म्हणाले, "शंका आली की विचार. मला फोन कर, त्यांना कर, पण विचार." मी मान डोलावली. इतक्या वर्षांत मला शंका यायच्याच बंद झाल्या होत्या.

बुधवारी मॅनेजरच्या खात्यातून मागणी आली. एका दुसऱ्या टीमचे तीन वर्षांतले सगळे तिसऱ्या प्रयत्नाचे डाव. एका माणसाचे नाहीत, अख्ख्या टीमचे. मी मनाशी म्हटलं, मॅनेजर असं कधी मागत नाही, हे कोचचं मागणं आहे. तिकडच्या कुणा सेक्रेटरीनं चुकून भलत्याच खात्यातून पाठवलं. गल्फमध्ये मुरलेल्या माणसाला एक खोड लागते: वरच्याची चूक दिसली तर ती त्याला दाखवायची नाही, गुपचूप निस्तरून द्यायची. विचारलं तर त्याची फजिती होते आणि ती दाखवणारं तोंड आपलं असतं. मीही तेच केलं. दोन दिवस खपून डाव कापले, चुकलेले आधी लावले, आणि कोचच्या फोल्डरमध्ये ठेवून दिले. स्वतःवर खूशही झाले.

शुक्रवारी सुट्टी असूनही मी ऑफिसात होते. कोचचा फोन आला. आवाज नेहमीचाच.

"मिस व्ही, माझ्या फोल्डरमध्ये एक मोठी फाइल आहे. या टीमशी आमचा सामना नाहीये."

मी वेळापत्रक उघडलं. खरंच नव्हता. आणि त्याच क्षणी सगळं उलगडलं. तिसऱ्या प्रयत्नाला कुठला डाव खेळायचा हे त्या टीममध्ये एकच माणूस ठरवत होता, मुख्य कोच नाही, त्यांचा एक असिस्टंट कोच. मॅनेजरनं एकाच माणसाचे तुकडे मागितले होते, नेहमीसारखेच. फक्त हा माणूस मैदानावर दिसत नव्हता. मॅनेजर नवा कोच शोधत होता, आणि ते मी जुन्या कोचच्या ताटात वाढून ठेवलं होतं.

"सर, चुकून पडलीय. काढून टाकते," मी म्हणाले.

"कुणी मागितली होती?"

खोटं बोलायला इंग्रजी पुरेना आणि खरं बोलायची परवानगी नव्हती.

शेवटी तोच म्हणाला, "नका सांगू. तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणजे मला कुणी काही सांगितलेलं नाही. फाइल जिथे जायला हवी तिथे ठेवा." मग म्हणाला, "काम चांगलं झालंय. चुकलेले आधी लावलेत." आणि फोन ठेवला.

मी फाइल मॅनेजरच्या फोल्डरमध्ये टाकली आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. हे बाहेर फुटलं तर टीम करार मोडणार आणि सहा जणांचं काम जाणार. माझा व्हिसा या कंपनीचा, तन्वी दहावीला, आणि इब्राहिमभाईंच्या घरी मांडव घातलेला. आणि एवढं असूनही माझ्या डोक्यात पुन्हा पुन्हा येत होतं ते वेगळंच. त्या माणसाला आपली नोकरी जाणार हे मी कळवलं होतं, आणि पुढचे चार रविवार त्याला काही माहीतच नाही असा चेहरा करून उभं राहायचं होतं.

प्रदीपनं ऐकून घेतलं. "तो बोंबलला असता तं आतापावतर मेल आला असता," तो म्हणाला. "जेव तू."

सोमवारी सकाळी मी कोचचं खातं उघडलं. मागण्यांची रांगच होती, पण एकही त्याच्या नेहमीच्या प्रकारची नाही. एका खेळाडूचे तुकडे, मग दुसऱ्याचे, तिसऱ्याचे. सगळी मॅनेजरसारखी मागणी. मला वाटलं, आता हा चिडून माणसं काढायला निघाला. मग नावं नीट वाचली. प्रत्येक मागणीवर त्याच्या एकेका असिस्टंट कोचचं नाव होतं. हा ढकलणाऱ्यांना शिकवतो, हा झेलणाऱ्यांना, हा अगदी नवा, मागच्या वर्षी लागलेला. त्या प्रत्येकाच्या हाताखालच्या खेळाडूंचे डाव, सप्टेंबरमधले आणि आताचे, शेजारी शेजारी. शेवटी तीच ओळ: चुकलेले डाव आधी.

या धंद्यात मुख्य कोच गेला की त्याचे बहुतेक असिस्टंटही जातात. नवा येतो तो आपली माणसं घेऊन येतो. त्या सगळ्यांना जानेवारीत दुसरीकडे नोकरी मागायला जावं लागणार होतं आणि त्यांना अजून त्याचा पत्ता नव्हता. असिस्टंट कोचनं काय केलं हे दाखवायचं तर दुसरा मार्गच नाही: हा पोरगा सप्टेंबरमध्ये असा पडत होता, बघा, आणि आता असा उभा राहतो. चुकलेलं आधी दाखवलं नाही तर शिकवलेलं दिसतच नाही. इतकी वर्षं ती ओळ मी खडूसपणाची समजत होते.

आठवड्यानं इब्राहिमभाई परतले. लग्नाचे लाडू टेबलावर ठेवत होते तेव्हाच मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी डबा बंद केला.

"विचारायला सांगितलं होतं."

"हो."

"मग?"

"शहाणपणा केला."

ते आमचे इन्चार्ज. टीमला कळवायचं तर त्यांनीच. एकदा त्यांनी मेल उघडला, दोन ओळी लिहिल्या, आणि खोडल्या. "त्यानं तुला झाकलं," ते म्हणाले. "आता आपण कळवलं तर त्याचं झाकणं फुकट जाईल. किती असिस्टंट राहिलेत?"

"नऊ."

"यल्ला, लागू कामाला. निम्मे मला दे."

हे बरोबर होतं का? मला अजून माहीत नाही. तिघांमध्ये भिंत व्हायचा पगार घेत होतो आणि एका बाजूला झुकलो, हे खरंच आहे. त्या वेळी मला मॅनेजरचा भयंकर राग आला होता. आता येत नाही. कोच उद्याचा सामना बघतो, मॅनेजरला पुढच्या वर्षाचा बघावा लागतो. टीम हरत असताना तो शोध घेत नसता तर त्यानं पगार कशाचा घेतला असता? दोन वर्षांनी त्यालाही काढलंच. तेव्हा मागणी मालकाच्या खात्यातून आली होती आणि मी ती तीन वेळा वाचली, फोन करून विचारलं, मग कापली.

असिस्टंटांचं काम शेवटच्या सामन्याच्या आदल्या गुरुवारी संपलं. सगळ्यांसाठी नोकरी मागताना दाखवायची रील झाली, फक्त कोचनं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. मला ते सहन होईना. शुक्रवार-शनिवार मी पुन्हा ऑफिसात जाऊन बसले आणि त्याच्या तीन वर्षांच्या सगळ्या सामन्यांत त्याला शोधलं. कॅमेऱ्यात कोच येत नाही हे माहीत असून शोधलं. कधी डाव रेषेला खेटून संपायचा, तेव्हा चौकटीच्या कडेला काहीतरी दिसून जायचं. टोपीचा पुढचा भाग. घडी केलेला कागद धरलेला हात. पडलेल्या समोरच्या खेळाडूला उठवायला पुढे आलेला एक खांदा. एकदा पाऊस होता आणि फक्त बूट. सगळं जोडून पाऊण मिनिटही भरलं नाही. मी चांगलं चांगलं आधी लावलं, शेवटी तो खांदा ठेवला, आणि रविवारी सकाळी त्याच्या फोल्डरमध्ये टाकलं. निरोप काय लिहावा सुचेना. नुसतं "मिस व्ही" लिहिलं.

शेवटचा सामना ते जिंकले, त्याचा आता उपयोग नव्हता. सोमवारी आम्ही सहाला बसलो, डाव कापले. दोन वाजले, सव्वादोन झाले, फोन आला नाही. तिथल्या बातम्यांत आलं होतं की मालकानं कोचचे आभार मानले, म्हणजे त्याला काढलं. अशा वेळी खाती तासाभरात बंद होतात, हे मला ठाऊक होतं. मी त्याचं खातं उघडून बसले. माझ्या फाइलसमोर दिसत होतं: एकदा पाहिली. बघता बघता तिथे दोनदा झालं.

मग एक मागणी आली. त्याची शेवटची.

"मिस व्ही, पाचव्या तुकड्यातला हात माझा आहे आणि तो डाव मी चुकीचा निवडला होता. अकराव्यातही तेच. क्रम बदला."

मी हसले आणि माझे डोळे भरून आले. इब्राहिमभाई मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी ओळ वाचली आणि घड्याळाकडे बघितलं. "कर लवकर," म्हणाले.

पाचवा आणि अकरावा काढून मी पहिल्या जागी लावले. दोन मिनिटांचं काम. फाइल चढायला लागली, निम्मी, पाऊण, पूर्ण. ती चढल्याची खूण उमटली आणि त्यानंतर स्क्रीनवर खातं बंद झाल्याची सूचना आली. फाइलसमोरचा पाहिल्याचा आकडा दोनच राहिला.